फर-कापडाची शिलाई आणि जुनी शिवणयंत्रे

विणलेल्या पाठकापडावर ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर तंतूंची दाट लव असलेल्या कापडाला बाजारात ‘फरचे कापड’ म्हणतात. मऊ खेळणी, टोप्या, कोटांच्या कॉलरी व प्राण्यांचे पोशाख यांसाठी ते वापरले जाते. खरी फर कातड्यासह असल्यामुळे दोन फिरत्या चकत्यांमध्ये कडा धरणाऱ्या वेगळ्या यंत्रावर एकदोरी टाक्याने जोडतात. तिचा विचार येथे केलेला नाही.

शिवणयंत्राच्या जनकत्वाचा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये टॉमस सेंट याने १७९० मध्ये, तर फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये पेटंट घेतले. दोघांचाही टाका साखळीचा होता. टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि धोटा (खालचा दोरा वाहून नेणारा भाग) यांच्या साहाय्याने दोन दोऱ्यांचा दुहेरी टाका घालणारे यंत्र अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३३-३४ च्या सुमारास बनविले असावे, परंतु त्याने तेव्हा पेटंट घेतले नाही. १० सप्टेंबर १८४६ रोजी ते ईलायस हौ याला मिळाले आणि यंत्रनिर्माता आयझॅक सिंगर याच्याबरोबरच्या खटल्यातही हौचाच हक्क मान्य झाला. अग्रमान हंटकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र फर-कापडाच्या दृष्टीने ॲलन विल्सनची १८५४ ची चतुर्गती सरक अधिक महत्त्वाची आहे. तीत खालचे दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बसतात व मागे परततात.

दाते केवळ खालच्या थराला ओढतात आणि वरचा थर फूटाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, अडतो. लव आत करून दोन तुकडे समोरासमोर ठेवले की ते एकमेकांवरून घसरतात आणि शिवण संपताना वरचा तुकडा लांब उरतो. म्हणून आधी थोड्या थोड्या अंतरावर कच्चे टाके घालतात, फूटाच्या दांड्यावरील स्क्रू सैल करून दाब कमी करतात आणि शक्यतो लवेच्या दिशेने शिवतात. टाका ३ ते ४ मिमी ठेवतात, म्हणजे इंचास साधारण सहा ते आठ टाके. जुन्या यंत्रांच्या पट्टीवर बहुधा हीच इंचाची मोजणी असते. कापड उलट्या बाजूने, लव न छाटता, फक्त पाठकापडापुरते कापतात. शिवणीच्या मार्जिनमधील लव आधी कातरून घेतात आणि टाक्यात अडकलेले केस नंतर सुईने बाहेर काढतात. इस्त्री टाळतात, कारण उष्णतेने हे तंतू आकसतात.

जड बिडाचे यंत्र अशा कामाला ताकदीमुळे सोयीचे पडते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पाठकापड बहुधा पातळ असते. अडचण येते ती फूटाखालच्या जाडीची, आणि फूट किती उचलला जातो याची मर्यादा जुन्या यंत्रांनाही आहे. हातमशीनचा खरा लाभ असा, की हाताने फिरवायचा दांडा थांबवून एकेक टाका घालता येतो. गळलेली लव धोट्याच्या खोबणीत साचून तेलाबरोबर घट्ट होते, त्यामुळे काम चालू असतानाच ती काढावी लागते. सिंगर यंत्राचा अनुक्रमांक कारखान्याला तुकडीने नेमून दिलेला असे. त्यावरून काढलेले साल हे नेमणुकीचे असते, विक्रीचे नव्हे.

भारतात १९३० च्या दशकापासून कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ यंत्रे मिळू लागली. महाराष्ट्रात फरच्या कापडाचा घरगुती वापर मुख्यतः खेळण्यांपुरता आढळतो.