असमान कॉन्फरन्स वेळापत्रक
असमान कॉन्फरन्स वेळापत्रक : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एकाच कॉन्फरन्समधील (विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेतील) संघांच्या वाट्याला कमीअधिक ताकदीचे प्रतिस्पर्धी येणे व त्यामुळे त्यांच्या मोसमाचे भवितव्य बदलणे. २००६ पासून वरच्या श्रेणीतील संघ नियमित मोसमात सामान्यतः बारा सामने खेळतो. त्यांतील आठ-नऊ कॉन्फरन्समधले असतात. सभासद दहा असतील, तर नऊ सामन्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये (नावात बारा, तेव्हा संघ दहा) २०११ पासून काही वर्षे असेच चालले. सभासद वाढले की कोणाला कोण चुकणार, हा प्रश्न उभा राहतो.

ही असमानता केव्हापासूनची, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तिचा उगम १९९२ मध्ये आहे. त्या वर्षी साउथईस्टर्न कॉन्फरन्सने (एसईसी) बारा सभासदांची पूर्व व पश्चिम अशी विभागणी करून दोन्ही विभागांच्या विजेत्यांत अंतिम सामना सुरू केला. दुसऱ्या मतानुसार ती कॉन्फरन्सइतकीच जुनी आहे. खुद्द बिग टेन या जुन्या कॉन्फरन्सच्या स्थापनेचे सालही वादातीत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने ११ जानेवारी १८९५ रोजी शिकागोच्या पामर हाउसमध्ये बैठक झाली, पण रीतसर स्थापना ८ फेब्रुवारी १८९६ ची मानतात. पहिल्या बैठकीस आलेले लेक फॉरेस्ट महाविद्यालय पुढे सभासद झाले नाही, तर मिशिगन झाले. हे पाहता १८९६ हेच साल अधिक ग्राह्य वाटते. दक्षिणेतील अशी पहिली संघटना (एसईसीच्या आधीची) तर त्याहून जुनी, डिसेंबर १८९४ मधली. या संघटनांचा भर खेळाडूंच्या पात्रतेच्या नियमांवर होता; सामने विद्यापीठे आपापसांत ठरवीत. १९६६ मध्ये, म्हणजे विभागणीच्या कितीतरी आधी, अलाबामा व जॉर्जिया हे दोन्ही संघ एसईसीत ६–० (सहा विजय, शून्य पराभव) राहिले, एकमेकांशी खेळलेच नाहीत आणि संयुक्त विजेते ठरले. त्यामुळे दुसऱ्या मताकडे झुकणे योग्य ठरते. विभागणीने असमानता निर्माण केली नाही. तिला नियमाचे रूप दिले.

बिग टेनमध्ये २००२ साली ओहायो स्टेट व आयोवा हे दोघेही ८–० राहिले. त्यांचीही गाठ पडली नाही. ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता झाला. २०१२ मध्ये जॉर्जियाला एसईसीच्या पश्चिम विभागातील अलाबामा, एलएसयू व टेक्सास ए अँड एम हे तिन्ही बलाढ्य संघ नियमित मोसमात चुकले. ऑबर्न व ओल मिस वाट्याला आले. जॉर्जियाच्याच पूर्व विभागातील साउथ कॅरोलायनाने जॉर्जियाला ३५–७ असे हरवले होते, पण त्याला एलएसयूशी खेळावे लागले आणि तेथे तो दोन गुणांनी हरला. जॉर्जिया ७–१, साउथ कॅरोलायना ६–२. फ्लोरिडालाही हरवलेल्या जॉर्जियाने अंतिम सामना गाठला व तेथे अलाबामाकडून २८–३२ अशी हार पत्करली. विभागांतील तफावत बिग टेनमध्ये अधिक ठळक दिसते : २०१४ ते २०२३ मधील दहाही अंतिम सामने पूर्व विभागाने जिंकले.

मोजमाप : १९९८ ते २००३ या काळात बीसीएस (राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीचे संघ क्रमवारीने ठरवणारी) पद्धतीच्या सूत्रात वेळापत्रकाच्या काठिण्याचा स्वतंत्र घटक होता. त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या जयपराजयाला दोन तृतीयांश व प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जयपराजयाला एक तृतीयांश भार असे. २००४ पासून हा स्वतंत्र घटक वगळला. प्रतिस्पर्ध्याचा जयपराजय हाच मुळी असमान वेळापत्रकातून आलेला, म्हणून ही मोजणी काहीशी वर्तुळाकार ठरते. सरासरीही फसवी असते. समजा, एखाद्या प्रबळ संघाची मध्यम संघाविरुद्ध जिंकण्याची शक्यता ९० टक्के, तुल्यबळाविरुद्ध ५० व दुबळ्याविरुद्ध ९९ टक्के आहे. दोन मध्यम संघांना ओळीने हरवण्याची शक्यता ८१ टक्के. एक तुल्यबळ व एक दुबळा आल्यास ती जेमतेम ५० टक्के उरते. प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीची सरासरी दोन्हीकडे सारखी निघू शकते. म्हणून विजेतेपदाच्या दावेदाराला सरासरी काठिण्यापेक्षा वाटेत तुल्यबळ संघ किती, हे अधिक जाचते. नऊ सामन्यांच्या पद्धतीत काही संघांना घरच्या मैदानावर पाच, तर काहींना चारच सामने मिळतात, हेही त्यात धरावे लागते.

२०२४ मध्ये बिग टेनचे सभासद अठरा झाले व विभाग रद्द झाले. त्या वर्षी इंडियाना ११–१ राहिला. ओरेगन व पेन स्टेट त्याला चुकले होते आणि ओहायो स्टेटने त्याला ३८–१५ हरवले. तरी बारा संघांच्या नव्या प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत) त्याला जागा मिळाली. २०२५ मध्ये एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये) पाच संघ ६–२ अशा बरोबरीत आले. कॉन्फरन्समधील प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी मोजून, एकूण ७–५ असलेला ड्यूक अंतिम सामन्यास पात्र ठरला व तो जिंकलाही. प्लेऑफमध्ये मात्र त्याच बरोबरीतील मायामी गेला. खालच्या श्रेणींतही हा प्रश्न आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

एसईसीने २०२६ पासून नऊ सामन्यांची पद्धत ठरवली आहे : तीन प्रतिस्पर्धी कायमचे व सहा फिरते. सोळा सभासदांपैकी प्रत्येकाची प्रत्येकाशी दोन वर्षांत निदान एकदा गाठ पडते.