ऑपरेशन चालू असताना शिरेत हवा शिरते, हे कळायला एवढा उशीर का लागला

शिरेत हवा गेली की माणूस दगावू शकतो हे सर्जन लोकांना दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. पॅरिसमध्ये १८१८ साली खांद्याजवळची गाठ काढताना शीर कापली गेली, हवा आत ओढली गेली आणि पेशंट टेबलावरच गेला, ही जुन्यातली जुनी नोंद मानतात. १८८५ मध्ये अमेरिकेत निकोलस सेन यांनी प्राण्यांवर प्रयोग करून उजव्या हृदयातली हवा ओढून काढायची कल्पनाही मांडली होती. म्हणजे उपाय सुचला होता, पण हवा शिरतेय हे वेळेत कळणार कसं?

त्यात १९१३ च्या सुमारास फ्रान्समध्ये द मार्टेल यांनी मेंदूचं ऑपरेशन पेशंटला बसवून करायला सुरुवात केली. रक्त खाली वाहून जातं, सर्जनला स्वच्छ दिसतं, झकास, पण डोकं हृदयाच्या वर गेलं की तिथल्या शिरांमधलं प्रेशर उणे होतं आणि कवटीतल्या मोठ्या शिरा कडक पडद्याला धरून असल्यामुळे कापल्या तरी मिटत नाहीत, उघड्याच राहतात आणि हवा ओढत बसतात. (हाडातल्या शिरांची तोंडं बुजवायला हाडाच्या कडांना लावायचं सर्जन हॉर्स्लेंचं मेण १८९२ पासून होतं, ते इथे फार कामाला आलं.)

तेव्हा निदान कशावर? स्टेथोस्कोपमधून पाणचक्कीसारखी घरघर ऐकू आली तर. ती येईपर्यंत बीपी कोसळलेलं असायचं, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

खरा फरक साठच्या दशकात पडला. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मायकेनफेल्डर यांनी हृदयाच्या उजव्या कप्प्यात कॅथेटर (बारीक नळी) ठेवून हवा ओढायची पद्धत दिली, आणि दोनेक वर्षांत जोसेफ मरून (Maroon) वगैरेंनी डॉप्लर, म्हणजे अल्ट्रासाउंडनं रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारं यंत्र, आणलं. छातीच्या हाडाच्या उजवीकडे प्रोब लावायचा, शिरेतून घुसळलेलं सलाइन सोडून आवाज बदलतोय ना ते बघायचं, मग कान तिकडे. हवेचा एखादा मिलीलीटरही कळतो, बीपी हलायच्या आत. मग सर्जन जखम सलाइननं भरतो, भुलीचा नायट्रस वायू बंद (तो बुडबुडे फुगवतो), ऑक्सिजन फुल, कॅथेटरनं ओढा.

ड्युरंट यांनी १९४७ मध्ये हवा शिरली तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवायला सांगितलं होतं, ते अजून प्रत्येक परीक्षेत विचारतात. १९९७ मध्ये कुत्र्यांवर करून पाहिलं तर काही फायदा दिसला नाही, आणि तसंही डोकं पिनांमध्ये अडकवून बसवलेल्या माणसाला कुशीवर वळवणार कोण!