निम्मी उष्णता डोक्यातून जाते? नाही

हिवाळ्यात सायकलवाल्यांच्या रविवारच्या ग्रुप राइडला नवीन आलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, तेव्हा हेल्मेटखाली जाड लोकरी टोपी घाला, बाकी फारसं काही लागत नाही. सल्ला मनापासून दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे.

अमेरिकी लष्कराच्या १९७० सालच्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के हा आकडा होता. तिथूनच हा समज पसरला, असं मानलं जातं. प्रौढ माणसाच्या शरीराच्या पृष्ठभागात डोक्याचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. चेहऱ्याला गारवा चटकन जाणवतो, म्हणून तो आकडा पटतो, इतकंच.

जाड टोपीने हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर ते सरकू शकतं. हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. कान झाकणारी पातळ टोपी पुरते.

खरी काळजी घ्यायची ती बोटांची. गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, आणि ग्रुपमध्ये पुढचं चाक अगदी जवळ असतं. वारा अडवणारे हातमोजे आधी घ्या. छातीवरही वारा अडवणारा पातळ थर हवा, विशेषतः सगळ्यात पुढे चालवणाऱ्याला. चढावर जॅकेटची चेन उघडा, उतार लागण्याआधी लावा. घामाने भिजलेले कपडे उतारावर फार गारठवतात.