विलोचा काढा आणि नायकाचा ताप

ऐतिहासिक प्रेमकथांमधला हा प्रसंग तुम्हीही वाचला असेल. अठराव्या शतकातलं रान, शत्रूच्या तावडीतून निसटलेला जखमी नायक, अंग तापाने फणफणलेलं. झाडपाल्याची जाण असलेली नायिका ओढ्याकाठच्या विलोची साल खरवडते, उकळते, दोन घोट पाजते. पुढच्याच परिच्छेदात नायक डोळे उघडतो.

सालीचा गुण खरा आहे. चुकते ती मात्रा.

१७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने रॉयल सोसायटीला या सालीबद्दल पत्र लिहिलं. चाखून पाहिली तर ती क्विनीन देणाऱ्या सिंकोनाच्या सालीसारखी कडूजहर लागली. मग त्याने ती पाववाल्याच्या भट्टीजवळ ३ महिन्यांहून अधिक काळ वाळवली, कुटली आणि ५ वर्षांत सुमारे ५० थंडीतापाच्या रोग्यांना दिली. मात्रा वाढवत नेली ती दर ४ तासांनी एक ड्रॅमपर्यंत, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम पूड. दोन घोटांत भागणारं हे काम नव्हे.

सालीतलं औषध म्हणजे सॅलिसिन. १८२८ साली म्युनिकच्या योहान बुखनरने ते वेगळं काढलं. त्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त वाटा नुसत्या ग्लुकोजचा! ही साखर आतड्यातले जिवाणू तोडतात, उरलेल्याचं यकृतात सॅलिसिलिक आम्ल होतं आणि मग कुठे ताप चढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली द्रव्यं कमी होऊ लागतात. शिवाय विलोच्या जातीजातींत सॅलिसिनचं प्रमाण वेगळं. (आपल्या नदीकाठचा वाळुंज हाही विलोचाच भाऊबंद.)

एका बाबतीत मात्र कादंबरीकार नकळत बरोबर ठरतात. सॅलिसिलिक आम्लापासूनच बनलेल्या ॲस्पिरिनमधला ॲसिटिल हा अणूंचा गट रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कायमच्या निकामी करतो, म्हणून वाहत्या जखमेत ते घातक. सॅलिसिनमध्ये हा गटच नाही.

पण जखम चिघळून ताप आला असेल, तर काढ्याने जंतू मरत नाहीत. नायिकेने दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ जखमेवर बांधलं असतं, तर मी तिला जास्त गुण दिले असते. हे शेवाळ आम्लधर्मी, म्हणून जंतूंना न मानवणारं; शिवाय ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट पाणी शोषतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जखमांवर तेच बांधलं होतं.

काढ्याने ताप उतरेपर्यंत तिला शेकोटीपाशी, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, तासन्‌तास बसावं लागलं असतं. प्रेमकथा लिहिणाऱ्याने नेमके तेच तास का गाळावेत, हे मला कळत नाही.