उर्राक तो, फेणी ती: पाहुण्यांच्या ग्लासात कुठलं किती ओतायचं

एप्रिलातल्या एका शनिवारी पर्वरीच्या आमच्या घरी कोल्हापूरचे पाहुणे आले होते. उर्राकचे, म्हणजे काजूच्या हंगामी दारूचे, दोन-दोन ग्लास झाले आणि बाटली संपली. मी आत गेलो, फडताळातली फेणी काढली आणि त्याच मापानं, त्याच लिमकात, तीच मिरची घालून तिसरी फेरी भरली. दोन्ही काजूचंच, दोन्ही पाण्यासारखं स्वच्छ, मग फरक तो काय पडणार? पाऊण तासात दाजी झोपाळ्यावर आडवे झाले ते जेवायला उठलेच नाहीत. ताई माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलली नाही.

गोव्यात राहायला आल्यावर घरच्या घरी कॉकटेल करायला मी शिकलो तो असा, चुकांच्या पायऱ्या चढत. जिन, रम, व्होडका यांची कृती कुठेही मिळते. पण मार्च ते मे या दिवसांत इथल्या घरात पाहुण्यापुढे जे ठेवलं जातं, त्याच्याबद्दल बाहेरून आलेल्या दहापैकी आठांचा एकच समज असतो: उर्राक म्हणजे हलकी फेणी. तसं नाही. निदान ग्लासात ओतताना तरी तसं समजू नये.

दोघांची आई एकच. काजूचं बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप खाली पडलेलं वेचतात. बी पिळून वेगळी काढली की बोंडं दगडात खोदलेल्या हौदात, म्हणजे कोळंबीत, पायांनी तुडवायची ही जुनी रीत. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. हा रस तीनेक दिवस आंबू देतात. वरून पाणी घालत नाहीत, यीस्टही नाही, हवेत आणि फळावर जे असतं तेच काम करतं. आंबलेला रस भट्टीवरच्या भाणात, म्हणजे हंड्यात, उकळायचा, वाफ थंड करून गोळा करायची. या पहिल्या खेपेला जे उतरतं तो उर्राक. त्या उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून भाण दुसऱ्यांदा चढवलं की उतरते ती फेणी. (माडाची फेणी ही वेगळीच, ती सुरेपासून, म्हणजे माडीपासून होते आणि दक्षिण गोव्यात जास्त दिसते. तिला आज बाजूला ठेवू.)

म्हणजे फरक एका उकळीचा. पण त्या एका उकळीनं तीन गोष्टी बदलतात, आणि यजमानाला त्या तिन्ही ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट ताकद. बाटलीबंद काजू फेणीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे व्हिस्की-रमच्याच पंगतीत. उर्राक साधारण १५ टक्क्यांच्या आसपास, भट्टीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे कमी-जास्त, कधी वीसकडेही झुकतो. भट्टीवाला मात्र टक्क्यांत बोलत नाही, तो ‘ग्राव’ सांगतो. ग्राव म्हणजे टक्के नव्हेत, ते वेगळ्या मोजपट्टीचे अंश. मी पहिल्या वर्षी ‘१९ ग्राव’ ऐकून ‘अरे वा, १९ टक्केच’ असं समजलो होतो. ती फेणी होती.

आता त्या शनिवारचा हिशेब मांडा. ९० मिली उर्राकात सुमारे साडेतेरा मिली शुद्ध अल्कोहोल जातं. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बियरमध्ये साडेसोळा मिली असतं, म्हणजे उर्राकचा उंच ग्लास बियरच्या लहान बाटलीपेक्षाही थोडा हलकाच. त्याच ९० मिलीच्या मापानं मी फेणी ओतली तेव्हा ग्लासात साडेअडतीस मिली गेलं. दोन बियरपेक्षा जास्त, एका ग्लासात, वर लिमकाची गोडी असल्यामुळे सरबतासारखं घटाघट. दाजींचा काही दोष नव्हता.

दुसरी गोष्ट वास आणि चव. उर्राकला फळाचा ताजेपणा असतो, किंचित तुरट, किंचित गवतासारखा, जिभेवर हलका. फेणीचा वास दारात पाऊल टाकण्याआधीच कळतो. पिकून फुटलेल्या बोंडांचा, गोडसर आणि तिखट, काहींना अननस आठवतो आणि काहींना नेलपॉलिश. दोन्ही मतं मी एकाच सोफ्यावर बसून ऐकली आहेत. स्वयंपाकाच्या भाषेत सांगायचं तर उर्राक हा भात आहे, ताट त्यानं भरतं. फेणी ही फोडणी. भाताच्या मापानं फोडणी वाढली तर काय होईल, ते मी वर सांगितलंच.

तिसरी गोष्ट टिकाऊपणा. फेणी काचेच्या बरणीत वर्षानुवर्षं राहते. इथल्या जुन्या घरांत मोठ्या गाराफांवात, म्हणजे काचेच्या बुधल्यात, भरून ठेवलेली असते आणि वयानं तिचा तिखटपणा मवाळ होतो. उर्राकचं तसं नाही. तो हंगामाचा पाहुणा. मार्चमध्ये येतो, पाऊस लागेपर्यंत मिळतो, आणि पुढे ठेवला तर दिवसेंदिवस त्याचं पाणी उतरत जातं. गणपतीत उघडू म्हणून मी एकदा दोन बाटल्या राखून ठेवल्या होत्या. शेवटी त्या ओतून दिल्या.

पंचाईत अशी की उर्राक बहुधा लेबल नसलेल्या, कुठल्यातरी पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीतच घरी येतो. फडताळात दोन बिनलेबली बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या की उर्राक कुठला आणि फेणी कुठली, हे दिसून कळत नाही. जाणकार बाटली हलवून वर येणारा फेस पाहतात. फेणीचं नावही या फेसावरून, फेणावरून आलं असं सांगतात. मला त्या फेसातलं अजून नीट कळत नाही, म्हणून माझा उपाय फ्रीजरचा. एका छोट्या बाटलीत दोन चमचे घ्या, झाकण लावा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरातला फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. उर्राकचा तेवढ्यात बर्फाचा लगदा होतो. फेणी तशीच वाहती राहते, कारण ४०-४२ टक्क्यांचं काहीही गोठायला याहून बरीच जास्त थंडी लागते. सकाळी बाटली तिरकी करून पाहिली की झालं. मग मात्र बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. हे मी फार उशिरा शिकलो.

आता प्रत्यक्ष ग्लासाकडे. उर्राकला शेकर लागत नाही, आणि लावूच नये. शेकरमध्ये बर्फासोबत हलवताना पेयात जवळपास पाव हिस्सा पाणी उतरतं. फेणीला ते पाणी हवं असतं, पण आधीच पंधरा टक्क्यांवर असलेल्या उर्राकात ते गेलं की हाती येतं ते पाणचट लिंबूपाणी. म्हणून उर्राक थेट ग्लासातच बांधायचा. उंच ग्लास काठोकाठ बर्फानं भरा. अर्धवट बर्फ घातला तर तो लवकर वितळतो, हे उलटं वाटतं पण खरं आहे. त्यावर ७५ ते ९० मिली उर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, मध्ये चीर दिलेली एक हिरवी मिरची, आणि वर लिमका. एकदाच तळापासून चमचा फिरवायचा, बास. लिमका गोड वाटत असेल तर निम्मा लिमका, निम्मा सोडा. टॉनिक वॉटरही चालतं, त्याचा कडवटपणा उर्राकच्या तुरटपणाशी बरा जमतो, पण माझ्या सासूबाईंच्या मते हा शुद्ध चावटपणा आहे. मिरची ग्लासात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. तिसऱ्या ग्लासाला तीच मिरची वापरणारा माणूस मी पाहिला आहे, आणि त्याचे डोळेही.

फेणीची गोष्ट बरोबर उलटी. तिला आंबट, गोड आणि थंडी या तिन्हींनी धरून आणावं लागतं. माप आधी ठरवा: ४५ मिली, त्याहून जास्त नको. दोन रुपये जास्त गेले तरी चालतील, पण स्टीलचं पेग मेजर घ्या, ‘अंदाजानं’ हा शब्द फेणीच्या आसपास फिरकू देऊ नका. ४५ मिली फेणी, २० मिली ताज्या लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे तारेचा नव्हे, एक वाटी साखर एक वाटी गरम पाण्यात विरघळवून गार केलेली, इतकंच. हे सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवा, बरणी हाताला चटका बसावा इतकी गार झाली पाहिजे. मग चहाच्या गाळणीतून छोट्या ग्लासात गाळा. थंडीनं वास दबतो, लिंबानं तिखटपणा कापला जातो, आणि पहिल्यांदाच फेणी पिणारा माणूस नाक मुरडण्याऐवजी ‘हे काय आहे?’ असं विचारतो. या लहानशा ग्लासात सव्वाएकोणीस मिली अल्कोहोल आहे, शेजारच्या उंच उर्राकपेक्षा दीडपट. पाहुण्याला हे ओतण्याआधी सांगा. ग्लासाचा आकार इथे अगदी फसवा असतो.

परदेशी कृतींत ‘लाइम’ आणि ‘लेमन’ अशी दोन फळं असतात, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं म्हणून लोक गोंधळतात. आपलं बाजारातलं छोटं, पातळ सालीचं कागदी लिंबू हे लाइमच्या घराण्यातलं. ते पिवळं झालं म्हणून लेमन होत नाही.

फेणीसोबत कोकम फार जमतं, पण तिथेही असाच एक घोळ आहे. बाटलीतलं ‘अमृत कोकम’ म्हणजे साखरेतलं गोड सरबत. ‘आगळ’ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस, साखर अजिबात नाही. वरच्या कृतीत एक चमचा आगळ घातला तर रंग जांभळट लाल येतो आणि आंबटपणाला खोली येते, फक्त मग लिंबू १५ मिलीवर आणा आणि वेगळं मीठ टाळा. आगळाच्या जागी अमृत कोकम घालणार असाल तर पाक पूर्ण वगळा. माझ्या एका शेजाऱ्यानं दोन्ही घातलं होतं. ते कॉकटेल नव्हतं, मुरांबा होता.

आठ-दहा माणसं येणार असतील तर दर ग्लासाला बरणी हलवत बसायची गरज नाही. फेणीचं आधी करून ठेवता येतं: आठ जणांसाठी ३६० मिली फेणी, १६० मिली लिंबूरस, १६० मिली पाक, आणि बर्फातून जे पाणी उतरलं असतं त्याच्या बदली १७० मिली पिण्याचं पाणी. बाटलीत भरून फ्रीजमध्ये अगदी गार करा, आणि ओतण्याआधी बाटली जोरात हलवा. लिंबू त्याच संध्याकाळी पिळलेलं हवं, आदल्या दिवशीचं कडवट लागतं. उर्राक असा बाटलीत बांधून ठेवता येत नाही, कारण त्यातला जीव लिमकाच्या बुडबुड्यांत असतो. त्याला टेबलावर बर्फाची परात, लिंबाच्या फोडी, मीठ आणि मिरच्या मांडा, पाहुणे आपापलं करून घेतात. यजमानाला बसायलाही मिळतं. दुचाकी घेऊन आलेल्यांची झोपायची सोय आधी विचारून ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती कल्पनेपेक्षा लवकर येते. न पिणाऱ्यांसाठी हंगामात नीरो मिळाला तर घ्या. तुडवलेल्या चोथ्याच्या गड्ड्यातून झिरपणारा तो न आंबलेला गोड रस. पण तो सकाळचा सकाळीच, संध्याकाळपर्यंत तोही आंबायला लागतो.

एक प्रश्न दरवर्षी येतोच: फेणीत पाणी घातलं की उर्राक होतो ना? ताकदीपुरतं उत्तर हो. ३० मिली फेणीत ५५ मिली पाणी घातलं की पंधरा टक्के होतं. चवीपुरतं नाही. दुसऱ्या उकळीत जे वर गेलं ते फेणीत दाट झालेलं असतं, आणि जे भाणात मागे राहिलं ते पाणी घालून परत येत नाही. अशा पातळ फेणीला उर्राकचा गवताळ ताजेपणा येत नाही, वास मात्र फेणीचाच राहतो. तरी ऑगस्टमध्ये उर्राकची हुक्की आलीच तर मी हेच करतो, ३० मिली फेणी, भरपूर बर्फ, निम्मा सोडा, निम्मा लिमका, मिरची. ते वाईट नसतं. फक्त त्याला उर्राक म्हणायचं नाही.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हटलं, त्यामुळे पाहुणे आता फेणीची बाटली हक्कानं सोबत मागतात. सोबत देण्याआधी एवढं बघा: गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं हा गुन्हा आहे, आणि बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात. शिवाय गोव्यात वयाची अट १८ असली तरी महाराष्ट्रात कडक मद्यासाठी ती २५ आहे. दाजींना मी यंदा दोन बाटल्या दिल्या. दोन्ही आगळाच्या.