खंड सरकतात हे ठीक, पण मोजलं कसं? वेगेनरपासून निसारपर्यंत

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असं सांगितलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो नुसता नकाशावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जुळवत बसला नव्हता, त्याला ते सरकणं चक्क मोजून दाखवायचं होतं. त्याने ग्रीनलँडचे एकोणिसाव्या शतकातले रेखांश घेतले, १९०७ च्या मोहिमेतले नवे घेतले, वजाबाकी केली आणि उत्तर आलं वर्षाला कित्येक मीटर. साफ चुकीचं. जुने रेखांश चंद्राच्या निरीक्षणांवरून काढलेले, त्यातली चूकच एवढी मोठी की खरा वेग, म्हणजे वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर, त्यात कुठल्या कुठे बुडून जातो. काय मोजायचं ते त्याला बरोबर कळलं होतं, साधन मात्र नव्हतं. १९३० मध्ये तो ग्रीनलँडच्याच मोहिमेत वारला.

मग १९६० च्या दशकात समुद्रतळ पसरताना खडकात उमटलेले चुंबकीय पट्टे सापडले, प्लेट टेक्टॉनिक्स (पृथ्वीचं कवच मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचं, म्हणजे प्लेटांचं बनलंय हे मत) मान्य झालं, वेगही निघाले. पण ते लाखो वर्षांचे सरासरी वेग. आज, या वर्षी प्लेट तेवढ्याच वेगाने सरकतेय का हे कोणी पाहिलेलंच नव्हतं.

इथे उपग्रह आले. १९७६ मध्ये नासाने लॅजिऑस हा उपग्रह सोडला, ६० सेंटीमीटर व्यासाचा जड गोळा, अंगावर प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारे ४२६ रिफ्लेक्टर आणि आत इलेक्ट्रॉनिक्स काहीच नाही. जमिनीवरून लेझर मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, बस. (आत खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनने डिझाइन केलेली एक पाटी आहे, तिच्यावर खंडांचे नकाशे आहेत, पूर्वीचे, आजचे आणि ८४ लाख वर्षांनंतरचे, कारण तो गोळा तोवर फिरत राहील असा अंदाज.) जोडीला क्वेसारचे, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी आकाशगंगा-केंद्रांचे, रेडिओ सिग्नल वापरणारी पद्धत होती. १९८० च्या दशकात आकडे यायला लागले आणि अटलांटिक रुंदावण्याचा आजचा वेग लाखो वर्षांच्या सरासरीशी जवळजवळ जुळला. या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते, कारण ती जुळायलाच हवी होती असं काही नव्हतं.

खंडांच्या टकरीचं प्रकरण मात्र एवढं सरळ नाही. पीटर मोल्नार आणि पॉल तापोनिए या भूशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लँडसॅट उपग्रहाच्या फोटोंवरून आशियातले मोठमोठे फॉल्ट (जिथे खडक एकमेकांवरून सरकतात त्या भेगा) वाचले आणि म्हणाले की भारताच्या धडकेचा परिणाम हिमालयापाशी संपत नाही, तिबेट आणि चीनचे तुकडे पूर्वेकडे ढकलले जातायत. यावरून बरीच वर्षं वाद चालला, की खंड मोजक्या घट्ट ठोकळ्यांसारखे सरकतात की सगळा भागच हळूहळू वाहतो. नुसत्या फोटोंनी हे सुटणार नव्हतं, वेग हवे होते, आणि ते दिले जीपीएसने.

फोनमधल्या जीपीएसला काही मीटर इकडेतिकडे चालतात, मग मिलिमीटर कुठून? तर खडकात पक्का बोल्ट ठोकतात, त्यावर अँटेना बसवतात आणि सिग्नलमधल्या कोडऐवजी १९ सेंटीमीटर लांबीच्या मूळ लहरीची फेज, म्हणजे लहर नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे ते, मोजतात. वर्षानुवर्षं रोजची जागा ग्राफवर मांडत गेलं की तिरकी रेघ दिसते, तिचा चढ म्हणजे वेग. हवेतली वाफ सिग्नलला उशीर करते, त्यामुळे उंचीचं माप आडव्या मापापेक्षा नेहमी कच्चं. नेपाळमध्ये तर पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साचलेल्या पाण्याच्या वजनाने जमीन दबते आणि नंतर परत वर येते, तेही या रेघेत नागमोडीसारखं दिसतं, म्हणजे प्लेटचा वेग हवा तर आधी पावसाचा हिशोब वजा करा!

१९९७ मध्ये रॉजर बिल्हॅम आणि सहकाऱ्यांनी नेपाळचे आकडे दिले, हिमालयात वर्षाला जवळपास २ सेंटीमीटर आवळलं जातंय. खालचा मोठा फॉल्ट वरच्या भागात अडकलेला आहे, तो सरकत नाही, म्हणून ते अंतर उधारीसारखं साठत जातं. २५ एप्रिल २०१५ ला गोरखा भूकंपात त्यातलं थोडं फिटलं. काठमांडू काही सेकंदात दीड-दोन मीटर दक्षिणेकडे गेलं आणि जवळपास एक मीटर वर उचललं गेलं, उत्तरेकडची उंच शिखरं मात्र खाली बसली. आणि फॉल्टचा दक्षिणेकडचा, जमिनीजवळ येणारा भाग फुटलाच नाही. पश्चिम नेपाळमध्ये तर १५०५ नंतर तेवढा मोठा भूकंप झालेला नाही, वर्षाला २ सेंटीमीटरने ५०० वर्षांचे १० मीटर होतात.

हे उचलणं-बसणं एवढ्या मोठ्या भागावर दिसलं ते उपग्रहांवरच्या रडारमुळे. त्याची सुरुवात कॅलिफोर्नियात, १९९२ चा लँडर्स भूकंप. युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाने एप्रिलमध्ये घेतलेली आणि भूकंपानंतर ऑगस्टमध्ये घेतलेली इमेज एकमेकांतून वजा केली तर रंगीत पट्टे उमटले, एकेक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटीमीटर हालचाल. १९९३ मध्ये दिदिए मासोने आणि टीमने ते नेचर या विज्ञानपत्रिकेत छापलं. जागा वाळवंटी होती, झाडं नाहीत, म्हणून इतकं स्वच्छ आलं. हिमालयात जंगल, बर्फ, उभे उतार, तिथे रडारची छोटी लहर लगेच गोंधळते. २०१४ पासूनच्या युरोपच्याच सेंटिनेल-१ उपग्रहांमुळे इमेज नियमित आणि फुकट मिळायला लागल्या पण लहर तीच छोटी. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहात २४ सेंटीमीटर लांबीची रडार लहर (एल बँड) आहे, ती झाडीतून बऱ्यापैकी आत जाते, आणि हा उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जागा परत बघतो.

एक अडचण मात्र निसारलाही आहे. हे उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरतात आणि बाजूला बघतात, त्यामुळे जमीन वर-खाली किंवा पूर्व-पश्चिम हलली तर छान दिसते, उत्तर-दक्षिण हलली तर फार कमी. आणि भारताची धडक आहे मुख्यतः उत्तरेकडे. म्हणून खडकातले ते बोल्ट आणि त्यावरचे अँटेना अजून लागतातच.