फ्लोरोसंट जॅकेट रात्री स्वतःहून चमकत नाही

रुग्णवाहिका आणि बचाव पथकांसाठी जॅकेट निवडताना ‘रंग जितका भडक, तितका माणूस रात्री लांबून दिसतो’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज चुकीचा आहे. पोपटी-पिवळ्या किंवा नारिंगी फ्लोरोसंट कापडातील रंगद्रव्य दिवसाच्या उजेडातील अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते, म्हणूनच ते कापड ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला उठून दिसते. वाहनांच्या दिव्यांत असे किरण फारच कमी असल्याने रात्री ती झळाळी उरत नाही.

रात्रीचे काम करते ती चंदेरी पट्टी. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. मात्र ती केवळ छातीवर आणि पाठीवर असून भागत नाही, कारण महामार्गावर जखमीशेजारी गुडघे टेकून वाकलेल्या कर्मचाऱ्याची छातीवरची पट्टी झाकली जाते आणि पाठीवरची बॅगेखाली दडते. बाह्यांभोवती आणि पोटऱ्यांभोवती फिरवलेल्या पट्ट्या हालचालीबरोबर हलतात, तेव्हा समोर खांब नसून माणूस आहे हे चालकाला चटकन उमगते. लांबून उठून दिसणाऱ्या अशा कपड्यांसाठीच्या आयएसओ 20471 या आंतरराष्ट्रीय मानकात फ्लोरोसंट कापड आणि पट्टी यांचे किमान क्षेत्रफळ वेगवेगळे ठरवलेले आहे. त्यानुसार पडणाऱ्या तीन वर्गांपैकी तिसरा सर्वांत वरचा.

खरेदीनंतरची हेळसांड मला अधिक खटकते. अंधारात जॅकेट टांगून, टॉर्च डोळ्यांजवळ धरून दहा-बारा पावलांवरून पाहावे: मणी झिजले असतील तेथे पट्टी काळपट दिसते, आणि असे जॅकेट लगेच बदलावे.